एकच मोठा गिझर की नळापाशी छोटे? घरातील गरम पाण्याची आखणी

घर बांधताना किंवा फ्लॅटचे नूतनीकरण करताना फरशी, दरवाजे आणि स्वयंपाकघराचा ओटा यांवर महिनोन्महिने चर्चा होते, पण गरम पाण्याचा निर्णय बहुधा प्लंबर भिंतीत खाचा मारायला उभा राहतो त्या सकाळी पाच मिनिटांत होतो. गच्चीवर किंवा युटिलिटीत एकच मोठे यंत्र बसवून तेथून सर्व नळांना पाणी न्यायचे, की प्रत्येक न्हाणीघरात आणि सिंकपाशी स्वतंत्र छोटा गिझर लावायचा, हा तो प्रश्न होय. बहुतेक जण यंत्राची किंमत आणि स्टार मोजून उत्तर देतात. माझ्या मते मोजायला हवे ते यंत्र आणि नळ यांच्यामध्ये नळीत अडकून राहणारे पाणी. ते एकदा लिटरमध्ये कळले की उरलेले बरेच निर्णय सोपे होतात.

हे मला उशिरा कळले. पुण्याच्या उपनगरातील आमच्या दुमजली रो-हाउसमध्ये गच्चीवर दोनशे लिटरचा सोलर बसवला, तेव्हा प्लंबरने ‘प्रेशर चांगले येईल’ म्हणून जवळजवळ सगळी लाइन एक इंची टाकली. न्हाणीघरे वरच्या मजल्यावर असल्याने तेथे तक्रार नव्हती. तळमजल्यावरील स्वयंपाकघरात मात्र आई तुपाची भांडी घासताना गरम नळ सोडून उभी राही आणि पाणी कोमट होईपर्यंत निम्मी भांडी गार पाण्यात धुऊन झालेली असत. एका रविवारी मी स्टीलची बादली सिंकखाली धरली, मोबाईलवर वेळ लावली आणि बोटाला चटका बसेपर्यंत थांबलो: दोन मिनिटे दहा सेकंद आणि अकरा लिटर पाणी. आई दिवसातून सहा वेळा नळ सोडत असती, तर सहासष्ट लिटर पाणी फक्त वाट पाहण्यात मोरीत गेले असते.

प्रथम नळांची यादी आणि बादलीचा हिशोब

कागदावर घरातील प्रत्येक गरम नळ लिहावा आणि त्यापुढे तो कधी, किती वेळा आणि किती वेळ उघडतो हे नोंदवावे. सकाळी सहा ते आठ या वेळेत एकामागून एक होणाऱ्या चार आंघोळी ही एक प्रकारची गरज आहे; दिवसभर अर्ध्या-अर्ध्या मिनिटासाठी पंधरा वेळा उघडणारा सिंकचा नळ ही अगदी वेगळी गरज आहे. पहिल्या प्रकारात पाइप एकदा तापला की पुढचे दोन तास तो तापलेलाच राहतो. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक वेळी पाइप नव्याने तापवावा लागतो.

एक लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते आणि विजेच्या एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी असतात. पुण्यातील हिवाळ्यात टाकीतले पाणी २० अंश धरले आणि आंघोळीला ४० अंशांचे पाणी धरले, तर वीस लिटरच्या एका बादलीला ४०० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे ०.४७ युनिट वीज लागते. गिझरमधील पाणी ६० अंशांवर असेल तर त्या बादलीत दहा लिटर गिझरचे पाणी आणि दहा लिटर विसण पडते. म्हणून १५ लिटरचा गिझर कागदावर दीड बादली देतो. प्रत्यक्षात आत शिरणारे गार पाणी थोडे मिसळत असल्याने सव्वा बादली धरावी. कोकणपट्टीत मूळ पाणीच २५ अंशांच्या आसपास असल्याने हाच गिझर तेथे थोडा अधिक पुरतो. शॉवर मिनिटाला आठ ते दहा लिटर पाणी सोडत असेल आणि तो सहा मिनिटे चालला, तर पन्नास-साठ लिटर मिश्रित पाणी लागते, आणि त्यासाठी २५ लिटरचा गिझरही जेमतेम पुरतो. बादलीने आंघोळ करणारे कुटुंब आणि शॉवरखाली उभे राहणारे कुटुंब यांच्यासाठी एकच माप सुचवणाऱ्या विक्रेत्याचे म्हणूनच फार मनावर घेऊ नये.

मग पाइपमधील पाणी

घर बांधून झालेले असेल तर बादलीची परीक्षा पुरेशी आहे. सकाळी कोणीही नळ उघडण्यापूर्वी, प्रत्येक गरम नळाखाली बादली ठेवून, हाताला नीट गरम लागेपर्यंत किती लिटर पाणी जाते ते मोजावे. घर कागदावरच असेल तर हिशोब करावा लागतो. सीपीव्हीसीच्या, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकच्या, अर्धा इंची पाइपमध्ये दर मीटरला सुमारे ०.१२ लिटर, पाऊण इंचीमध्ये ०.२६ लिटर आणि एक इंचीमध्ये ०.४३ लिटर पाणी मावते. पाइपचा मार्ग सरळ रेषेत न मोजता भिंतीतून, छतावरून आणि डक्टमधून तो जसा फिरणार आहे तसा मोजावा. येणाऱ्या आकड्याला दीडपट करावे, कारण पाइपचे अंगही उष्णता खाते आणि सुरुवातीचे पाणी वाटेतच कोमट होते. आमच्या घरी सोळा मीटर एक इंची आणि सहा मीटर अर्धा इंची पाइप होता. त्यात सुमारे साडेसात लिटर पाणी मावते आणि दीडपट केले की बादलीत आलेल्या अकरा लिटरांच्या अगदी जवळ जाते. तीच लाइन पाऊण इंची असती तर सुमारे दोन-तृतीयांश पाण्यात भागले असते. जाड पाइपने प्रवाह वाढतो हे खरे, पण गरम पाण्याच्या लाइनमध्ये तो जाडपणा प्रत्येक वेळी भरावा आणि तापवावा लागतो.

वाया जाते ते फक्त पाणी नव्हे. नळ बंद केल्यावर पाइपमध्ये राहिलेले पाच लिटर पाणी ५५ अंशांवरून २५ अंशांवर उतरले, तर १५० किलोकॅलरी, म्हणजे ०.१७ युनिट उष्णता भिंतीला मिळते. असे दिवसातून सहा वेळा झाले की एक युनिट गेले, म्हणजे दोन बादल्यांची आंघोळ. मोठा गिझर विजेवर असेल तर हा खर्च बिलात दिसतो, सोलर असेल तर फक्त मोरीत दिसतो.

माझा स्वतःचा ठोकताळा असा आहे: एखाद्या नळावर दोन लिटरांच्या आत गरम पाणी येत असेल तर मध्यवर्ती यंत्र चालेल, दोन ते पाच लिटरांमध्ये असेल तर तो नळ किती वेळा उघडतो ते पाहावे, पाच लिटरांच्या वर असेल आणि तो नळ सिंकचा किंवा वॉश बेसिनचा असेल, तर तेथे स्वतंत्र छोटा गिझर लावावा. जुन्या वाड्यात तांब्याचा एकच बंब सगळ्या घराला पुरत असे, कारण पाणी बादलीने नेले जाई आणि बादलीत अडकून राहणारे पाणी नसते.

उष्णता कोठून आणायची

नळापाशी लावण्यासाठी विजेचा गिझर सर्वांत सोयीचा. त्याचे दोन प्रकार आहेत, वाहते पाणी तापवणारा ‘इन्स्टंट’ आणि साठवणीचा, आणि दुकानात त्यांची सरमिसळ होते. तीन लिटरचा ‘इन्स्टंट’ बहुधा ३ किलोवॅटचा असतो. तो मिनिटाला ४३ किलोकॅलरी देतो, म्हणजे मिनिटाला सुमारे अडीच लिटर पाणी १७-१८ अंशांनी तापवतो. भांडी घासण्याच्या बारीक धारेला हे उत्तम आहे. शॉवरला मात्र मिनिटाला आठ लिटर लागत असल्याने पाणी पाच-सहा अंशांच्या वर तापणार नाही, आणि एक बादली भरायला नऊ मिनिटांहून अधिक वेळ जाईल. न्हाणीघरात म्हणून १५ किंवा २५ लिटरचा साठवणीचा गिझर घ्यावा. २ किलोवॅटच्या कॉइलने १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर जायला सुमारे एकवीस मिनिटे लागतात. साठवणीच्या गिझरवरील स्टार लेबल हे मुख्यतः चोवीस तासांत बसल्या जागी किती उष्णता निसटते ते सांगते. जो माणूस सकाळी अर्धा तास बटण लावून बंद करतो त्याला दोन स्टारमधील फरक फारसा जाणवणार नाही. ज्या घरात तो दिवसभर चालू असतो तेथे जाणवेल.

गॅस गिझर स्वस्त पडतो का, हे विजेच्या स्लॅबवर अवलंबून आहे. एलपीजीच्या एका किलोतून सुमारे ११,००० किलोकॅलरी मिळतात आणि त्यातील आठ-दशांश पाण्यात उतरते असे धरले, तर एका बादलीला ४५ ग्रॅम गॅस लागतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये तीनशेहून थोड्या अधिक बादल्या होतात. सिलिंडर नऊशे रुपयांचा धरल्यास बादलीला तीन रुपये पडतात. विजेचा दर युनिटला दहा रुपये असेल तर बादली पाच रुपयांना पडते, सहा रुपये असेल तर दोघांत फरकच उरत नाही. आपल्या बिलाच्या मागील बाजूचे स्लॅब पाहून, गिझरमुळे वाढणारी युनिटे कोणत्या स्लॅबमध्ये पडतात त्या दराने हा हिशोब करावा; सरासरी दराने करू नये.

गॅस गिझरच्या बाबतीत एक गोष्ट तडजोडीच्या पलीकडची आहे. तो न्हाणीघराच्या आत कधीही बसवू नये. बंद खोलीत ज्वाला प्राणवायू खाते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार करते. त्याला रंग नाही, वास नाही, आणि आंघोळ करणाऱ्याला भोवळ येते तेव्हा कडी उघडण्याचे त्राणही राहिलेले नसते. वर झरोका आहे, एक्झॉस्ट पंखा आहे, या सबबी पुरेशा नाहीत. गिझर मोकळ्या बाल्कनीत किंवा बाहेरच्या भिंतीवर असावा, आणि अरुंद डक्टमध्ये लावून त्याचा धूर वरच्या मजल्याच्या झरोक्यातून आत जाणार नाही हेही पाहावे. पाइपगॅस असलेल्या घरात एलपीजीचा गिझर तसाच जोडता येत नाही; त्या वायूसाठी बनवलेला गिझर लागतो.

मध्यवर्ती व्यवस्थेसाठी आपल्याकडे पहिला विचार सोलरचा होतो आणि तो योग्यच आहे. सपाट पॅनेलच्या प्रकारात दर शंभर लिटरला सुमारे दोन चौरस मीटरचे पॅनेल लागते, तोंड दक्षिणेला हवे, आणि त्यावर शेजारच्या इमारतीची सावली पडत नाही ना हे डिसेंबरमध्ये पाहावे, मे महिन्यात नव्हे. अडचण पावसाळ्यात येते. त्यावर उपाय म्हणून टाकीत २ किलोवॅटची बॅकअप कॉइल बसवतात, आणि येथेच मध्यवर्ती व्यवस्थेचा सर्वांत महागडा घोटाळा होतो. दोनशे लिटर पाणी तीस अंशांनी तापवायचे म्हणजे सात युनिटे आणि साडेतीन तास. ढगाळ दिवशी एकट्या माणसाला एक बादली हवी असली तरी कॉइल तापवणार ती टाकीतले सगळे पाणी, आणि राहिलेली उष्णता रात्री गच्चीवर निवणार. यापेक्षा कॉइल न वापरता न्हाणीघरात १५ लिटरचा गिझर ठेवावा आणि सोलरचे पाणी त्याच्या इनलेटला, म्हणजे पाणी आत शिरण्याच्या तोंडाला, द्यावे. ऊन असते तेव्हा बटण बंद ठेवून तेच पाणी गिझरमधून पुढे जाते. ढग असतात तेव्हा जेवढे अंश कमी पडतात तेवढेच गिझर भरून काढतो. हे करण्यापूर्वी तो गिझर गरम इनलेट सहन करतो का हे त्याच्या पुस्तिकेत पाहावे, कारण उन्हाळ्यात सोलरचे पाणी ऐंशी अंशांच्या घरात जाऊ शकते आणि प्लास्टिकच्या अंगाचे स्वस्त इन्स्टंट त्यासाठी बनवलेले नसतात. तीन व्हॉल्व्हचा बायपास, म्हणजे गिझरला वळसा घालणारी वाट, ठेवला की गिझर दुरुस्तीला काढला तरी सोलर बंद पडत नाही.

उष्मा पंप, म्हणजे हवेतील उष्णता ओढून पाणी तापवणारे यंत्र, एका युनिट विजेत साध्या कॉइलच्या सुमारे तिप्पट उष्णता देतो. गच्चीवर सावली असलेल्या मोठ्या कुटुंबाने किंवा महाबळेश्वरसारख्या ठिकाणी पाच-सहा खोल्यांचे होम-स्टे चालवणाऱ्याने त्याचा जरूर विचार करावा. दोन खोल्यांच्या फ्लॅटला तो फार मोठा होतो.

वीज, दाब आणि क्षार

नळापाशी गिझर लावण्याची खरी किंमत वायरिंगमध्ये असते. तीन न्हाणीघरांत प्रत्येकी २ किलोवॅट आणि स्वयंपाकघरात ३ किलोवॅट मिळून ९ किलोवॅट होतात. सगळे एकदम चालले तर सुमारे ३९ अँपिअर. आपल्या वीजबिलावर मंजूर भार किती आहे ते आधी पाहावे. प्रत्येक गिझरला स्वतंत्र सर्किट, १६ अँपिअरचे सॉकेट, किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, लांब अंतर असल्यास ४ ची, पक्के अर्थिंग आणि मुख्य बोर्डवर वीजगळती होताच पुरवठा तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी. बटण न्हाणीघराच्या बाहेर असावे.

दाबाचा प्रश्न मध्यवर्ती व्यवस्थेत अधिक छळतो. सोलरची टाकी गच्चीवर आणि न्हाणीघर थेट तिच्याखाली असेल तर उंचीचा फरक जेमतेम तीन मीटर, म्हणजे ०.३ बार दाब मिळतो. मग घरमालक गार पाण्याच्या लाइनवर प्रेशर पंप लावतो, आणि दुसऱ्या दिवसापासून शॉवरला गरम पाणी येत नाही. कारण मिक्सर नळामध्ये गरम आणि गार या दोन्ही लाइन एकत्र येतात. ज्या लाइनचा दाब जास्त ती दुसरीत घुसते आणि गार पाणी गरम पाइपमधून उलटे वर चढते. एखाद्या मिक्सरचे दोन्ही नॉब उघडे ठेवून फक्त पुढची तोटी बंद केली असली तरी हेच होते, आणि संपूर्ण घर विनाकारण कोमट पाणी भोगते. दोन्ही लाइनना दाब एकाच ठिकाणाहून द्यावा, पंप लावायचाच असेल तर दाब सहन करणारा सोलर निवडावा, आणि प्रत्येक गिझरच्या इनलेटला पाणी उलटे जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावावा. गिझरच्या सुरक्षा व्हॉल्व्हमधून तापताना दोन-चार थेंब पडतात म्हणून त्याला बूच मारणारे लोक मी पाहिले आहेत. ते थेंब म्हणजे फुगलेल्या पाण्याला दिलेली वाट आहे. ती कधीही बंद करू नये.

बोअरचे पाणी असेल तर कॉइलवर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि इन्स्टंटमध्ये तो सर्वांत लवकर बसतो, कारण थोड्याशा पाण्यात मोठी कॉइल असते. चार गिझर म्हणजे चार कॉइल आणि साफसफाईच्या चार फेऱ्या; मध्यवर्ती यंत्र असेल तर एकच, आणि त्याच्या इनलेटला पाण्याचा जडपणा काढणारा एकच सॉफ्टनर पुरतो. जड पाण्याच्या भागात राहणाऱ्यांसाठी एका यंत्राच्या बाजूचे हे सर्वांत वजनदार कारण आहे. साठवणीच्या गिझरमधील मॅग्नेशियमची अॅनोड दांडी टाकीऐवजी स्वतः झिजते. ती वर्षा-दोन वर्षांनी काढून पाहावी आणि बोटाएवढी जाड न राहता तारेसारखी झाली असेल तर बदलावी.

मध्यवर्ती लाइन टाकायचीच असेल तर

न्हाणीघरे शक्यतो एकावर एक किंवा पाठीला पाठ लावून आखावीत, म्हणजे उभी लाइन छोटी राहते. हे काम वास्तुविशारदाकडे नकाशाच्या वेळीच मागावे. मुख्य लाइन पाऊण इंची आणि नळाकडे जाणाऱ्या फांद्या अर्धा इंची ठेवाव्यात. संपूर्ण गरम लाइनवर नायट्राइल फोमचे, म्हणजे रबरी स्पंजासारखे, आवरण प्लास्टरच्या आधी चढवावे आणि खाच त्या हिशोबाने रुंद मारून घ्यावी, कारण अरुंद खाचेत बसत नाही म्हणून प्लंबर आवरण सोडून देतो. गच्चीवरच्या आवरणाला वरून अॅल्युमिनियमचे किंवा उन्हात टिकणारे आच्छादन हवे. ऊन ते भुसभुशीत करते आणि मग कावळे त्याचे लचके तोडतात. आवरणाने अडकलेले पाणी कमी होत नाही, ते थंड व्हायला अधिक वेळ लागतो एवढेच. अडकलेले पाणी खरोखर संपवायचे असेल तर परतीची लाइन आणि छोटा फिरता पंप लागतो. तो चोवीस तास चालवला तर पाइप हाच एक रेडिएटर होतो. म्हणून त्याला सिंकपाशी बटण द्यावे आणि गरज असेल तेव्हा मिनिटभर चालवावा. बांधून झालेल्या घरात परतीची लाइन टाकणे सहसा परवडत नाही.

यंत्राचे तापमान ६० अंशांवर ठेवावे. कोमट साठवलेल्या पाण्यात जिवाणू वाढतात, पण ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत त्वचा भाजते. त्यामुळे घरात लहान मूल किंवा वृद्ध व्यक्ती असेल तर त्यांच्या नळावर ठरावीक तापमानाला मिश्रण करणारा व्हॉल्व्ह बसवावा आणि बादलीत नेहमी आधी गार पाणी, मग गरम, ही सवय मोडू देऊ नये.

फ्लॅटमध्ये, जेथे दोन न्हाणीघरे आणि ओटा यांत दहा-बारा मीटरचे अंतर असते आणि गच्ची स्वतःची नसते, तेथे मी बिनदिक्कत न्हाणीघरांत १५-१५ लिटरचे साठवणीचे आणि सिंकखाली किंवा वर तीन लिटरचा इन्स्टंट सुचवेन. बंगल्यात न्हाणीघरांना सोलर, त्याच्या पुढे पावसाळ्यापुरता गिझर, आणि लांबच्या स्वयंपाकघराला स्वतंत्र इन्स्टंट असा मिश्र मार्ग मला सर्वांत पटतो. आमच्याकडे शेवटी तेच केले. स्वयंपाकघराकडे जाणारी जुनी गरम लाइन मुख्य लाइनमधून जिथे वेगळी होते तिथेच, वरच्या मजल्यावर, कापून बूच मारले, कारण नुसता खालचा व्हॉल्व्ह बंद केला असता तर सोळा मीटर पाइपमध्ये पाणी साचून कुजत राहिले असते.

काम संपल्यावर प्लंबरचे शेवटचे पैसे देण्यापूर्वी बादलीची परीक्षा पुन्हा करावी आणि प्रत्येक नळाचा आकडा सिंकखालच्या कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलने तारखेसह लिहून ठेवावा. पुढील हिवाळ्यात तोच आकडा वाढलेला दिसला तर कॉइलवर क्षार बसले आहेत किंवा कोठेतरी मिक्सर उघडा राहून गार पाणी गरम लाइनमध्ये शिरते आहे. आमच्या दारावर ‘११’ खोडून आता ‘अर्धा’ लिहिलेले आहे.